ऐकू न येणारं विमान: ‘वायओ-३ए’ आणि व्हिएतनाममधली मूक टेहळणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना लढाऊ विमान म्हणजे काय ते आधी कानांनी कळतं. सुखोई उडाला की खिडकीची तावदानं थरथरतात, फोनवरचं बोलणं तुटतं, आणि वर बघेपर्यंत विमान निघून गेलेलं असतं. त्यामुळे ‘सैन्याने मुद्दाम आवाज न करणारं विमान बनवलं होतं’ असं सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. थाप नाही. विमानांवर गप्पा निघाल्या की या विषयावर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत.

नेमकं कोणतं विमान? ‘स्टेल्थ’ म्हणतात तेच का?

नाही. स्टेल्थ विमान रडारपासून लपतं. हे विमान माणसाच्या कानापासून लपायचं. नाव लॉकहीड वायओ-३ए, टोपणनाव ‘क्वाएट स्टार’. अमेरिकेच्या लष्करासाठी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये, लॉकहीडच्या क्षेपणास्त्र आणि अंतराळ विभागाने ते तयार केलं. नावातला ‘ओ’ म्हणजे टेहळणी आणि ‘वाय’ म्हणजे अजून चाचणी चालू असलेलं. हा ‘वाय’ शेवटपर्यंत गळला नाही, विमान त्याच्यासकट युद्धात गेलं आणि त्याच्यासकट निवृत्त झालं. एकूण ११ बनली.

त्याआधी त्याच कंपनीने क्यूटी-२ नावाची दोन विमानं केली होती आणि मध्ये क्यू-स्टार नावाचं एक प्रयोगाचं विमान येऊन गेलं. हे सगळं एकच कुटुंब आहे, म्हणून खाली तिघांचीही उत्तरं मिसळून आली आहेत.

आवाजाची एवढी भानगड कशाला? उंचावरून उडायचं, म्हणजे खाली ऐकूच जाणार नाही!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सगळी गोष्ट याच्याच उत्तरात आहे.

१९६०च्या दशकात दक्षिण व्हिएतनामच्या आकाशावर दिवसा अमेरिकेची सत्ता होती. त्यामुळे तिथे तिच्याशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांनी, म्हणजे व्हिएतकाँगने, आपला सगळा व्यवहार रात्रीवर ढकलला. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांचं जाळं आहे, आणि तांदूळ, दारूगोळा, माणसं सगळं सांपान होड्यांतून अंधारात हलायचं. हे बघायचं तर अंधारात बघणारी दुर्बीण हवी. ती नुकतीच आली होती. चांदण्यांचा अंधुक उजेड कित्येक पटींनी वाढवून दाखवणारी ही साधनं तेव्हा नवलाची होती, पण त्यांची नजर आखूड होती. तीन हजार मीटरवरून कालव्यातली होडी ओळखू येत नसे. ती ओळखायची तर तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे हजार फुटांवर यायला हवं.

आता हजार फुटांवरून रात्री साधं टेहळणी विमान नेऊन बघा. ताशी १८० किलोमीटर वेगाने ते मिनिटाला तीन किलोमीटर कापतं. शांत रात्री त्याची घरघर तीन किलोमीटरवरून ऐकू आली, तर होडीवाल्याला एक मिनिट मिळतं. कंदील विझवून होडी निपा पामच्या झावळ्यांखाली सारायला तेवढं पुरतं. विमान डोक्यावर येतं तेव्हा खाली फक्त पाणी.

म्हणजे दुर्बिणीमुळे खाली यावं लागलं आणि खाली आल्यामुळे गप्प राहावं लागलं. मूक विमान ही कुणाची हौस नव्हती, दुर्बीण अधू होती म्हणून ते जन्माला आलं.

तिथे शत्रूकडे रडार नव्हतं का?

उत्तर व्हिएतनामकडे होतं, चांगलं होतं. दक्षिणेतल्या कालव्यांवर आणि झाडीत हिंडणाऱ्या तुकडीचं रडार म्हणजे तिचे कान.

कान हे काही कमी दर्जाचं साधन नाही. इंग्लंडने केंटच्या किनाऱ्यावर डेंज इथे १९३०च्या सुमारास काँक्रीटच्या प्रचंड भिंती उभ्या केल्या होत्या. एक तर दोनशे फूट लांब आणि आतून बाक दिलेली. येणाऱ्या विमानाचा आवाज गोळा करून ऐकायचा, एवढंच तिचं काम. पुढे रडार आलं आणि त्या भिंती पडून राहिल्या. अजून आहेत.

ग्लायडरच का निवडलं?

कारण ग्लायडरला उडत राहायला फारच थोडी ताकद लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या श्वायझर कंपनीचं ‘२-३२’ हे धातूचं ग्लायडर घेतलं. पंखांचा विस्तार ५७ फूट, म्हणजे साडेसतरा मीटरच्या जवळपास. वारा नसेल तर एक मीटर खाली येताना ते सुमारे ३४ मीटर पुढे जातं. हजार फुटांवरून सोडलं तर इंजिनाशिवाय दहा किलोमीटर जाईल.

आता त्याच्या अंगावर छोटं इंजिन बसवा. त्याने फक्त खाली येणं थांबवायचं आहे. सायकल सपाट रस्त्यावर एकदा वेगात आली की अधूनमधून पायडल मारला तरी भागतं, तसं. ताकद कमी लागली की इंजिन दमाने चालतं, आणि दमाने चालणारं इंजिन आधीच अर्धं गप्प असतं.

क्यूटी-२ कसं दिसायचं? फोटोत पंखा (प्रोपेलर) डोक्यावरून आल्यासारखा वाटतो.

तसाच होता तो. ‘क्यूटी’ म्हणजे ‘क्वाएट थ्रस्टर’, दोन म्हणजे दोन माणसांचं. १९६७ मध्ये दोन ग्लायडरं घेऊन त्यांच्या बैठकीच्या मागे, पाठीत, १०० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल ओ-२०० इंजिन बसवलं. छोट्या सेसना विमानात असतं तेच. त्यातून एक लांब दांडा निघून वैमानिकाच्या डोक्यावरून पुढे यायचा आणि नाकाजवळच्या खांबावर बसवलेला मोठा लाकडी पंखा फिरवायचा. दिसायला अगदी घरगुती जुगाड. हत्तीच्या पाठीवर विहिरीचा रहाट बांधावा तसं.

पैसा आणि जोर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘आर्पा’चा होता. याच संस्थेच्या पैशातून पुढे इंटरनेटचा पूर्वज उभा राहिला.

व्हिएतनामसाठी सजवलेल्या या जोडीला क्यूटी-२पीसी म्हणत. पीसी म्हणजे ‘प्राइझ क्रू’, मोहिमेचं सांकेतिक नाव. १९६८च्या जानेवारीत दोन्ही विमानं मेकाँगच्या सोक ट्रांग तळावर पोचली, आणि महिना संपता संपता टेटचा हल्ला, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी दक्षिणेवर एकाच वेळी केलेली मोठी चढाई, सुरू झाला. चाचणीसाठी याहून वाईट, किंवा याहून चांगली वेळ शोधून मिळाली नसती. विमानं रात्रींमागून रात्री उडाली आणि खालून कुणी वर बघत नाही हे सिद्ध झालं. काही महिन्यांनी ती मायदेशी परतली आणि नौदलाच्या पॅटक्सेंट रिव्हर इथल्या चाचणी-वैमानिक शाळेकडे एक्स-२६बी या नावाने गेली.

विमानाचा आवाज येतो तरी कुठून? इंजिनाचाच ना?

सगळ्यांना असंच वाटतं. इंजिनाचा येतोच, पण छोट्या विमानात पंख्याचा वाटा फार मोठा असतो.

घरचाच पंखा घ्या. एकवर ठेवला तर वारा येतो आणि झोप लागते. पाचवर ठेवला की पात्यांचा फडफडाट सुरू. पंखा तोच, पाती तीच, बदलला फक्त वेग. विमानात ‘पाच नंबर’ फारच वर असतो. १.९ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २७० मीटर धावतं. आवाजाचा वेग ३४० मीटर. म्हणजे टोक आवाजाच्या गतीच्या पाऊणपट वेगाने हवा कापतंय. ते किंचाळणारच. आता अडीच मीटरचा पंखा घेऊन तो मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आणा. टोकाचा वेग येतो १०५ मीटर. सगळी जादू या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

दुसरी गंमत आपल्या कानाची. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरला की सेकंदाला ४० ठोके पडतात, म्हणजे ४० हर्ट्झ. इतक्या खालच्या सुराला माणसाचा कान बहिरा आहे म्हटलं तरी चालेल. हजार हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबलला ऐकू येतो. ४० हर्ट्झचा ऐकू यायला पन्नासच्या पुढे डेसिबल लागतात. पंखा सावकाश केल्याने आवाज कमी तर होतोच, शिवाय उरलेला आवाज अशा खोलीत जातो जिथे कान पोचत नाही.

आणि तिसरा मदतनीस म्हणजे मेकाँगची रात्र. भातखाचरातले बेडूक आणि रातकिडे. भर पावसाळ्यात कोकणात अंगणात झोपलेल्याला वेगळं सांगायला नको. त्या कल्लोळाखाली बराच आवाज लपतो.

मग इंजिनाच्या आवाजाचं काय केलं?

बुलेटचा सायलेन्सर बदलून गल्लीत फिरणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्याच्या बरोबर उलटं काम. वायओ-३ए मध्ये २१० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन पुन्हा नाकात आलं आणि धुराची नळी विमानाच्या उजव्या कुशीला लावलेल्या लांबलचक सायलेन्सरमध्ये सोडली. धूर बाहेर पडायचा तो पंखाच्या बऱ्याच मागे, निवलेला आणि दमलेला. इंजिनाच्या झाकणाला आतून आवाज पिणारं अस्तर होतं.

इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये पट्टा का? गिअर जास्त टिकाऊ नसता का?

टिकाऊ असता, पण दात दातांवर आपटले की कूं-कूं आवाज येतो, आणि तो नेमका कानाला चटकन कळणाऱ्या सुरातला असतो. पिठाच्या गिरणीत उभं राहिलात तर दगडाचा घरघराट ऐकू येतो, पट्ट्याचा नाही. पट्टा फक्त सळसळतो. मोटर आणि जात्यामधला पट्टा धक्केसुद्धा गिळतो. इथेही तेच केलं. इंजिन सुमारे तीन फेरे घेणार तेव्हा पंखा एक घेणार, आणि दोघांमध्ये रबरी पट्टे. शेकडो वर्षांची युक्ती, पण लष्करी विमानाच्या नाकात बघितली की गंमत वाटते.

पंखा सहा पात्यांचा होता की तीन? फोटोंत दोन्ही दिसतात.

दोन्ही खरं. वायओ-३ए आधी सहा पात्यांच्या ठरीव कोनाच्या लाकडी पंख्यावर उडालं. पुढे कोन बदलता येणाऱ्या तीन रुंद पात्यांचा लाकडी पंखा आला. उड्डाणाला एक कोन आणि रेंगाळायला दुसरा, असा त्याचा फायदा. पाती फोटोत नीट बघा, नावेच्या वल्ह्यासारखी रुंद आहेत. सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलायची तर तळहात मोठा लागतो.

व्हँकेल इंजिनावर चालणारं मूक विमान होतं म्हणतात, ते खरं का?

खरं. ते क्यू-स्टार. लॉकहीडने स्वतःच्या प्रयोगांसाठी ठेवलेलं. पिस्टन वर-खाली होण्याऐवजी त्रिकोणी रोटर गोल फिरतो ते व्हँकेल इंजिन, म्हणून त्याला थरथर कमी. कर्टिस-राइट कंपनीचं १८५ हॉर्सपॉवरचं पाण्याने थंड होणारं इंजिन बसवलं, आणि पाणी थंड करायला विमानाच्या नाकात चक्क शेव्हरले कॉर्व्हेट गाडीचा रेडिएटर. युद्धाला गेलेल्या विमानात मात्र नेहमीचंच पिस्टन इंजिन राहिलं. माझ्या मते शहाणपण तेच होतं. हजारो मैलांवर, चिखलात, अनोळखी इंजिनाचे सुटे भाग शोधत कोण बसणार?

एका रात्रीचं काम कसं चालायचं?

विमानं १९७०च्या मध्यापासून १९७१पर्यंत, साधारण चौदा महिने व्हिएतनाममध्ये होती. सायगावजवळ लाँग थान आणि उत्तरेला ह्युएजवळचं फू बाई हे त्यांचे तळ. फू बाईची पद्धत मला सगळ्यात आवडते.

सूर्य मावळला की विमान उडायचं, पण लगेच कामाला जायचं नाही. आधी स्वतःच्याच तळावरून एक फेरी. खाली तंत्रज्ञ अंधारात उभे राहून वर कान लावायचे. घरघर नको होतीच, पण खरी भीती शिट्टीची असे. कुठल्या तरी पत्र्याची कड उघडी राहिली, दाराची फट उरली की वाऱ्यावर बासरी वाजते. काही खुळखुळलं, काही शिट्टी वाजली की विमान परत खाली. मग टॉर्च घेऊन फट शोधायची आणि बहुतेक वेळा तिच्यावर चिकटपट्टी मारायची. हो, डक्ट टेप. त्या काळच्या अतिगुप्त यंत्राचं शेवटचं ट्यूनिंग चिकटपट्टीने व्हायचं. पुन्हा उड्डाण, पुन्हा कान. खालून ‘काही ऐकू येत नाही’ असा निरोप आला की विमान अंधारात शिरायचं.

आत दोन माणसं. नेहमीपेक्षा उलटं, म्हणजे वैमानिक मागे आणि निरीक्षक पुढे. निरीक्षकापुढे विमानाच्या पोटातून खाली डोकावणारा रात्री बघणारा पेरिस्कोप. सोबत इन्फ्रारेड दिवा, साध्या डोळ्याला न दिसणारा, पण पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला टॉर्चसारखा. शिवाय लेझरने लक्ष्यावर खूण करणारं यंत्र. विमान हजार फुटांवर किंवा त्याखाली, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तासन् तास. इंधन चार तासांना पुरायचं. आणि खालच्या कालव्यावर माणसं आपापल्या कामात.

हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की थोडं अस्वस्थ व्हायला होतं, हे लपवत नाही. खालच्या माणसाला आपल्याकडे कुणी बघतंय याची खबरही नाही, आणि वरच्याने रेडिओवर सांगितलेल्या ठिकाणी थोड्या वेळाने दुसरं कुणीतरी, आवाज करत, येणार आहे.

एखादं पाडलं गेलं का?

शत्रूच्या गोळीने एकही नाही. विमानात बंदूक नव्हती, चिलखत नव्हतं, पळून जाण्याइतका वेगही नव्हता. जास्तीत जास्त वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास. ऐकू न येणं एवढीच ढाल, आणि ती पुरली.

पण चांदण्या रात्री दिसत नसेल का?

दिसेल, पण वर कधी बघायचं हे आपल्याला कान सांगतो. काही ऐकू आलं तर मान वर जाते. आवाज नसलेल्या काळ्या आभाळात तीनशे मीटरवरचा आकार शोधायला कुणी रात्रभर मान वर करून बसत नाही.

इंजिन बंद करून सरळ तरंगत का नाही गेले?

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाच्या ५८८व्या रात्रीच्या बाँबफेकी रेजिमेंटच्या मुली, ज्यांना जर्मन ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत, पो-२ हे लाकूड-कापडाचं दुपंखी विमान लक्ष्याजवळ येताच इंजिन मंद करून तरंगत न्यायच्या. खाली फक्त तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याची सळसळ ऐकू यायची. धाडस केवढं! पण त्यांचं काम एका झडपेचं. एकदा खाली यायचं, बाँब टाकायचे, इंजिन वाढवून निघायचं. टेहळणीला एकाच भागावर तासन् तास रेंगाळावं लागतं, आणि तरंगणारं विमान दर मिनिटाला खाली येतं. रात्री, हजार फुटांवर, झाडीवर, ऐन वेळी इंजिन चालू झालं नाही तर? म्हणून इंजिन चालूच ठेवायचं पण गप्प, हा मार्ग धरला.

आवाज कमी करण्याचा विचारही व्हिएतनामच्या आधीचा आहे. नासाची पूर्वसंस्था नाका हिने १९४०च्या दशकाच्या शेवटी स्टिन्सन एल-५ या छोट्या विमानाला पाच पात्यांचा सावकाश फिरणारा पंखा आणि मोठे सायलेन्सर लावून जमिनीवरचा आवाज मोजला होता. तेव्हा विचार विमानतळाशेजारच्या रहिवाशांचा होता. वीस वर्षांनी तेच शास्त्र युद्धात गेलं.

हेलिकॉप्टर मूक करता येत नाही का?

अवघड, पण झालंय. ह्यूज कंपनीच्या छोट्या हेलिकॉप्टरला चारच्या जागी पाच पाती आणि शेपटीच्या पंख्याला दोनच्या जागी चार पाती लावून ‘५००पी’ बनवलं गेलं. १९७२च्या डिसेंबरात सीआयएने ते उत्तर व्हिएतनाममध्ये विन्हजवळ रात्री नेलं आणि टेलिफोनच्या तारेवर चोरून ऐकायचं यंत्र बसवलं. ते एका रात्रीच्या कामासाठी होतं. रोज रात्री चार तास रेंगाळण्याचं काम हेलिकॉप्टरचं नाही.

एवढं चांगलं होतं तर ११च का बनवली?

१९७० साली अमेरिका व्हिएतनाममधून सैन्य काढत होती. विमान तयार झालं तेव्हा युद्धाची हवाच बदललेली होती. दुसरं, ते फक्त एकाच कामाचं. दिवसा त्याचा उपयोग नाही, आणि विमानविरोधी तोफा किंवा रडार असलेल्या शत्रूसमोर तर मुळीच नाही.

आणि तिसरं माझं मत. क्यूटी-२ ज्या ग्लायडरवरून आलं त्याचं भरलेलं वजन साडेसहाशे किलोच्या घरात होतं. वायओ-३ए मध्ये पेरिस्कोप, रेडिओ, आत ओढली जाणारी चाकं, मोठं इंजिन असं करत करत वजन दीड टनाच्या जवळ गेलं. जड विमानाला जास्त ताकद, जास्त ताकदीला जास्त आवाज, मग तो दाबायला जास्त सायलेन्सर, आणि त्याचंही वजन. लष्करी खरेदीत हे नेहमीच होतं. मला ते डोक्यावरून दांडा नेणारं पहिलं जुगाडच जास्त हुशार वाटतं, जरी वायओ-३ए दिसायला देखणं असलं तरी.

युद्धानंतर त्यांचं काय झालं?

हा भाग कुणी विचारत नाही, आणि खरं तर हाच मजेदार आहे. काही विमानं लुईझियाना राज्याच्या वन्यजीव आणि मत्स्य खात्याकडे गेली, रात्री चोरून शिकार करणाऱ्यांना पकडायला. तिथलीही पाणथळ जमीन, कालवे, होड्या आणि अंधार. विमानाला फारसा फरक जाणवला नसेल. एफबीआयनेही काही वापरली, अपहरण आणि खंडणीच्या प्रकरणांत.

एक विमान नासाच्या एम्स केंद्राकडे आलं. हे केंद्र सनीव्हेलला अगदी लागून आहे, म्हणजे विमान जवळपास माहेरीच परतलं. तिथे त्याच्या पंखांच्या टोकांवर आणि शेपटीच्या वर मायक्रोफोन लावले. हेलिकॉप्टर उडताना नेमका कुठून आणि कसा आवाज करतं हे हवेत मोजायचं, तर मोजणारं विमान स्वतः गप्प हवं. गोंगाट करणाऱ्याने दुसऱ्याचा गोंगाट कसा मोजायचा? हे विमान हेलिकॉप्टरच्या पुढे ठरावीक अंतरावर उडायचं आणि मागच्याचा आवाज टिपायचं. हे काम त्याने युद्धापेक्षा कितीतरी जास्त वर्षं केलं.

श्वायझर कंपनीनेही ही कल्पना सोडली नाही. १९८०च्या दशकात तिने त्याच घराण्यातलं नवं शांत टेहळणी विमान बनवलं, लष्करी नाव आरजी-८ए. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ते अमली पदार्थांची वाहतूक हेरायला वापरलं.

भारताकडे असं विमान होतं का?

आपल्याकडची टेहळणीची परंपरा तोफखान्याच्या ‘एअर ओपी’ची. वैमानिक स्वतः तोफखान्याचा अधिकारी, छोट्या विमानातून गोळे कुठे पडतात ते बघून तोफांना सांगणारा. आधी ऑस्टर, मग हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं कृषक, आणि १९६५च्या युद्धात ही विमानं होती. काम दिवसाचं आणि स्वतःच्या तोफांच्या गडगडाटातलं, त्यामुळे मूक राहण्याचा प्रश्नच नव्हता. १ नोव्हेंबर १९८६ रोजी यातूनच लष्कराचं स्वतंत्र हवाई दल, आर्मी एव्हिएशन कोअर, उभं राहिलं. त्याचं प्रशिक्षण नाशिकला चालतं आणि देवळालीचं तोफखाना विद्यालय शेजारीच आहे. नाशिक रोडच्या लोकांच्या डोक्यावरून रोज जी हेलिकॉप्टरं जातात, ती याच वंशातली.

आता ड्रोन आले, मग मूक विमानाची गरज संपली का?

मोठ्या टेहळणी ड्रोनच्या बाबतीत बऱ्यापैकी संपली, पण ड्रोन गप्प आहेत म्हणून नाही. आपल्याकडच्या हेरॉनमध्ये चांगलं ११५ हॉर्सपॉवरचं पिस्टन इंजिन असतं. फरक पडला तो कॅमेऱ्यात. उष्णता बघणारे आजचे कॅमेरे कित्येक किलोमीटरवरून माणूस ओळखतात, त्यामुळे खाली यायलाच लागत नाही. दुर्बिणीची नजर लांबली आणि गप्प राहण्याची सक्ती सुटली. उलट, हातावरून उडवायचे चार पंख्यांचे छोटे ड्रोन आज पुन्हा त्याच अडचणीत आहेत. कॅमेरा छोटा, म्हणून खाली यावं लागतं, आणि पंखे छोटे, म्हणून वेगाने फिरून किणकिणतात. लग्नाच्या मंडपात ड्रोन आला की सगळे वर का बघतात, ते याच कारणाने.

प्रत्यक्ष बघायला कुठे मिळेल?

सिएटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये एक आहे, अॅरिझोनात टूसॉनच्या पिमा संग्रहालयात एक, आणि अलाबामातल्या अमेरिकी लष्कराच्या हवाई संग्रहालयात एक. सिएटल भागात नोकरीनिमित्त असलेल्या आपल्या मंडळींना हे सहज जमेल. तिथे बोइंगच्या मोठ्या विमानांची गर्दी असते, त्यामुळे हे चिमुकलं विमान बघायचं राहून जातं. गेलात तर उजव्या बाजूने जा. नाकापासून मागे गेलेली ती जाड नळी बघा, मग पुढे येऊन पात्यांची रुंदी बघा. आणि दाराच्या कडांवर, पत्र्यांच्या सांध्यांवर एकदा नजर फिरवा, तंत्रज्ञ टॉर्च घेऊन रात्री जिथे शोधायचे तिथे.